पिचरची पहिली बरगडी

हात अचानक सुजला, जड झाला, त्याचा रंग बदलला, तर चोळू नका. तेल लावून नाही, बाम लावून नाही, प्रेमानं तर मुळीच नाही. सरळ डॉक्टरकडे जा. ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबलं तरी माझं काम झालं. बाकीच्यांसाठी पुढचं लिहितो. मी दवाखान्यात पडून होतो तेव्हा मला असं काहीतरी वाचायला हवं होतं. मोबाईलवर जे सापडलं ते एकतर डॉक्टर लोकांसाठी होतं, नाहीतर अमेरिकेतल्या खेळाडूंविषयी होतं. त्या खेळाडूंच्या घरी आमचे आप्पा नव्हते, त्यामुळे माझ्या कामाचं त्यात फारसं काही निघालं नाही.

मी मन्मथ. अहमदपूरचा. आप्पांचं म्हणजे माझ्या वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे, आणि मी बेसबॉल खेळतो. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न पडणारे तुम्ही पहिले नाही. आमच्याकडे शाळेत क्रिकेटच्या संघात जागा मिळाली नाही की पोरं बेसबॉलकडे वळतात. राज्य पातळीवर खेळलं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत फायदा होतो, हे एव्हाना प्रत्येक आईला माहीत झालंय. माझ्या आईलाही होतं. तिला पोलीस हवा होता. मला मात्र चेंडू फेकायला आवडायचं, आणि माझा चेंडू लई जोरात जायचा. हे मी फुशारकीनं सांगत नाही. माझा चेंडू पकडायला कॅचर म्हणून बसलेली पोरं माझ्या नावानं बोटं मोडायची.

हे ओळखलं नांदेडच्या कादरी सरांनी. त्यांनी मला आठवीपासून पिचर म्हणून घडवलं. पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावर उभं राहून बॅटरला चेंडू टाकणारा. देशात एक नवी लीग निघाली, आणि तिच्यात संघांनी आळीपाळीनं खेळाडूंची नावं पुकारायची होती. पहिल्या संघानं पहिलंच नाव पुकारलं ते माझं. सगळ्या देशातून पहिलं. आम्ही दुकानात मोबाईल एका डब्याला टेकवून बघत होतो. आप्पांना वाटलं, नावं मुळाक्षरांप्रमाणे घेत असतील. सरांचा फोन आला तेव्हा कुठे त्यांना ते कळलं, आणि ते तसेच चपला न घालता पेढे आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी बस स्टँडसमोरच्या चौकात माझा बॅनर लागला. माझ्या फोटोपेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो मोठे होते, ते ठीकच. पण बॅनरवाल्यानं माझ्या हातात क्रिकेटची बॅट दिली होती. लोक दुकानात येऊन विचारायचे, "किती रन काढल्या म्हणायच्या पोरानं?" आप्पा म्हणायचे, "तो रन काढत न्हाई, काढू देत न्हाई." हे उत्तर त्यांना सरांनी शिकवलं होतं आणि ते त्यांना फार आवडायचं.

तेल

लीगमधल्या माझ्या संघाच्या शिबिराला जायचं होतं म्हणून मी सराव वाढवला. थोड्याच दिवसांत उजवा हात जड वाटायला लागला. दुखणं असं नाही, पण हात आपला नाही असं वाटायचं. बोटं फुगलेली. खांद्यावर आणि छातीच्या वरच्या भागात निळ्या शिरा दिसायला लागल्या, पूर्वी कधी न दिसलेल्या. मी आरशात बघून चक्क खूश झालो होतो. म्हटलं, व्यायाम अंगी लागायलाय.

आप्पा तरुणपणी औशाला तालमीत होते. कुस्तीत त्यांनी फार नाव काढलं नाही, पण मालिश करायला शिकले. आमच्या घरात पाय मुरगळला, मान अवघडली, लहान मूल रडायचं थांबेना, की आप्पांचा हात. गल्लीतली माणसंही यायची. माझा हात तर त्यांनी शाळेपासून चोळलाय. मी मैदानावरून आलो की ते दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, तिळाचं तेल कोमट करायचे आणि मनगटापासून खांद्यापर्यंत रगडत न्यायचे. बोलायचे नाहीत. आमच्या दोघांत जे काही बोलणं होतं ते तेवढंच होतं, असं म्हणायला हरकत नाही.

फुगलेला हात बघून ते म्हणाले, "चमक भरलीय. काय न्हाई. उद्या बघ कसा हलका होतोय."

हलका झाला नाही, म्हणून त्यांनी जास्त चोळला. सकाळीही चोळला. अंगठ्यानं दाबत, वर ढकलत. मला बरं वाटायचं, हेही खरं सांगतो.

माहूरच्या पायऱ्या

आईच्या माहेरी माहूरच्या रेणुकेचं फार. माझं नाव पुकारलं गेलं तर दर्शनाला आणीन असं ती बोलली होती. आम्ही तिघं गेलो. गडाच्या पायऱ्या चढताना मला धाप लागली. मला. रोज मैदानाला फेऱ्या मारणाऱ्याला. आई पुढं गेली, तिच्या पुढं एक काठी टेकत चाललेल्या आजी गेल्या, आणि मी ओट्याच्या कडेला बसलो. श्वास घेतला की छातीत उजवीकडे टोचायचं. आई मागं वळून खाली आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे. आप्पांना म्हणाली, "दर्शन राहू द्या. गाडी बघा."

देवीच्या दारातून ती दर्शन न घेता माघारी आली. हे ती अजून कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नांदेडला कादरी सर दवाखान्याच्या दारात उभे होते. तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझ्या हाताची सोनोग्राफी केली. यंत्र खांद्याखाली, गळपट्टीच्या हाडाशी, म्हणजे कॉलरबोनशी फिरवलं, थांबवलं, परत तिथंच आणलं. मग छातीचा सीटी स्कॅन. मग आम्हाला आत बोलावलं. मॅडमनी हात हातात घेतला आणि विचारलं, "हा कुणी चोळलाय का?"

आप्पा पुढं सरकले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "मीच चोळतोय की. रोज. सकाळ-संध्याकाळ."

मॅडमनी माझा हात अलगद खाली ठेवला. मग शांतपणे सांगितलं. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधून हाताची मोठी शीर जाते. माझी तिथली जागा जन्मापासून अरुंद. इतकी वर्षं त्याच झटक्यानं फेकून फेकून ती शीर चेंबली आणि तिच्यात रक्त गोठलं. त्या गाठीचा एक तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता, म्हणून धाप. लहान होता म्हणून मी बसून ऐकत होतो.

"म्हणजे," आप्पांनी विचारलं, "मी चोळलं म्हणून तुकडा सुटला?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा तेव्हा राग आला होता. त्या म्हणाल्या, "गाठ तुमच्यामुळं झालेली नाही, ते आधी लक्षात घ्या. तुकडा आपोआपही सुटतो. पण चोळणं धोक्याचं होतं. आता कुणीही या हाताला दाबायचं नाही."

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत छडी खाल्लेली पोरं नेतात तसे.

वॉर्डातले दिवस

सुरुवातीला फार भीती वाटली, आणि ती मरणाची नव्हती. मरण मला कळलंच नाही. मी सारखं एकच विचारायचो, फेकता येईल का. सिस्टर रक्त घ्यायला आली की तिला, सलाईन बदलणाऱ्या पोराला, फरशी पुसणाऱ्या मावशींना. मावशी म्हणाल्या, "काय फेकायचंय तुला? आधी चमच्यानं भात तर तोंडात घाल." डाव्या हातानं जेवताना मी निम्मा भात अंगावर सांडायचो. त्या पुसायच्या आणि माझी चेष्टा करायच्या, आणि त्या आल्या की मला बरं वाटायचं.

शेजारच्या खाटेवर कंधारचे एक निवृत्त हेडमास्तर होते. पायाच्या दुखण्यानं पडलेले आणि कंटाळलेले. त्यांनी मला बेसबॉल समजावून सांगायला लावला. औषधाच्या बाटल्यांची झाकणं चादरीवर मांडून मी बेस, म्हणजे पळत गाठायचे चार टप्पे, दाखवले. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पळायचं आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. एवढ्यासाठी एवढा त्रास करून घेतलास?" आमची दोघांची हसता हसता पुरेवाट झाली. फुप्फुसात टोचत होतं तरी हसलो.

आमच्या घरच्यांत मात्र हसू नव्हतं. एका दुपारी आप्पा मला उठून बसायला मदत करायला वाकले, तेव्हा आई डबा उघडत होती. न बघताच म्हणाली, "तुम्ही नका हात लावू आता त्याला."

तिला उजव्या हाताबद्दल म्हणायचं होतं, असं ती नंतर म्हणाली. पण आवाज तसा नव्हता. मी ऐकला आहे. आप्पा मागे सरले आणि त्यानंतर त्यांनी मला कुठेच हात लावला नाही. शर्ट घालायचा असला की ते मावशींना हाक मारायचे. खाटेपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. मी म्हणायचो, "आप्पा, जवळ बसा की." ते म्हणायचे, "हाव, बसलोय की."

पेशंटला वाटतं, आजार आपल्याला झालाय. तसं नसतं. मला निदान रोज औषध तरी मिळत होतं.

डोक्यावरचं लिंग

रक्त पातळ करायच्या औषधांनी गाठ आटोक्यात आली. पण जागा अरुंदच राहणार होती. हैदराबादहून येणाऱ्या सर्जननं सांगितलं, पहिली बरगडी काढायची. मी विचारलं, "बरगडी नसली तर चालतंय का?" ते म्हणाले, "बाकीच्या आहेत ना." फेकण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, कुणी परत फेकतात, कुणी नाही. हात वाचवणं माझं काम, बाकीचं तुझं.

ऑपरेशनच्या दिवशी एक वेगळाच घोळ झाला. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आमच्या घरात अंगावेगळं करत नाहीत. ते झोपताना असतं, अंघोळीला असतं, जर्सीच्या आत असायचं. आता सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा. चिरा नेमका तिथंच पडणार होता.

आप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्टुलावरून उठून पुढं आले. "काढता येत न्हाई, ताई. त्याच्या अंगावरच राहिलं पायजे."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे काका."

"दोन मिनिटांचाबी न्हाई."

मग दंडाला बांधायचं ठरलं. पण उजवा हात तर असा, आणि डाव्याला बीपीचा पट्टा आणि सलाईन. कमरेखाली चालत नाही. आई म्हणाली, माझ्या हातात द्या, मी दाराशी बसते. आप्पा ऐकेनात. मी खाटेवर झगा घालून, अंगाला औषध फासून बसलेलो, आणि माझ्यावरून चर्चा चाललेली. शेवटी भूल देणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "डोक्यावर चालतं?"

आप्पा म्हणाले, "डोकं तर सगळ्यात चांगली जागा."

लिंगाची चांदीची डबी आईकडे राहिली. लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं, माझ्या टाळूवर ठेवलं, आणि वरून हिरवी टोपी चढवून मॅडमनी ती चिकटपट्टीनं पक्की केली. टाळूवर लिंग ठेवताना आप्पांची बोटं माझ्या कपाळाला लागली. त्यांनी लगेच काढून घेतली, पण लागली होती. आत नेताना मला आठवतंय ते एवढंच. भूल देताना मॅडम म्हणाल्या, डोकं फार हलवू नको, देव पडेल.

पुन्हा चेंडू

शिबिर माझ्याशिवाय सुरू झालं. संघाच्या माणसानं फोन करून अतिशय सभ्यपणे सांगितलं की माझ्या जागी दुसरा मुलगा घेतलाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चौकातला बॅनर पावसानं फाटला आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. गावात लोक आता "बरा हायस का" विचारायचे, खेळाचं नाव काढायचे नाहीत. ज्यांना हा खेळ कधी कळला नव्हता त्यांनाही तो संपल्याचं मात्र बरोबर कळलं होतं.

हिवाळ्यात फिजिओथेरपीच्या डॉक्टरनं फेकायला परवानगी दिली. आधी मऊ चेंडू, अगदी जवळून, लहान पोरांशी खेळल्यासारखं. मग हळूहळू लांबून. अडचण अशी की पकडायला कुणी नव्हतं. माझ्याबरोबरची पोरं भरतीच्या तयारीला लातूरला गेलेली, सर नांदेडला.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुझे आप्पा पकडतेत की."

आप्पा म्हणाले, "मला कुठं येतंय ते. आन् दुकान कोण बघंल?"

"दुपारी दुकानात कुत्रं येत न्हाई. जावा म्हणलं न्हवं? पोराचं तुम्हीच बघायचं."

हे ती त्यांच्याकडे न बघता बोलली, तव्याकडे बघून. पण आप्पा ताटावर तसेच थांबले. मग त्यांनी अजून एक भाकरी मागितली.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं गोदामांची एक लांब भिंत आहे. दुपारी तिथं सावली असते आणि माणूस नसतो. आप्पा पायजमा दुमडून लाकडी पाटावर बसायचे, कारण कॅचरसारखं उकिडवं बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नव्हतं. माझा जुना ग्लोव्ह त्यांनी पहिल्या दिवशी उलटा घातला. निम्मे चेंडू सुटायचे. उठून आणायचे आणि परत पाटावर बसून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हं, टाक."

मऊ चेंडूवरून खऱ्या चेंडूवर आलो. अंतर पूर्ण झालं. तपासणीत शीर मोकळी निघाली. सर्जन म्हणाले, माझ्याकडून आता कसलीही अडकाठी नाही. तरी माझा चेंडू जात नव्हता. हात मागं जायचा, वर यायचा, आणि सोडायच्या क्षणी मी आतून ब्रेक दाबायचो. छातीत टोचेल, बोटं फुगतील, परत ते स्टूल, परत आप्पांचे हात पाठीमागे. सरांनी मोबाईलवर चित्रण बघितलं आणि म्हणाले, "बेटा, हात ठीक आहे. तू डरून राहिला."

मी डरून राहिलो होतोच. हात बरा व्हायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ या भीतीला लागला, हे ज्यांचं उपचारांचं पर्व संपत आलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. रिपोर्ट चांगला आला की लोक तुम्हाला बरे झालात असं धरून चालतात. तुम्ही तसं धरून चालू नका, आणि त्यात लाजही वाटून घेऊ नका.

लीगची पुढची निवड आली. सरांनी माझं नाव यादीत घातलं होतं. दुकानात आम्ही दोघंच मोबाईलसमोर बसलो. एकेक संघ नाव पुकारत गेला. पहिल्या फेरीत नाही, हे अपेक्षित होतं. दुसरीत नाही. नंतर मी मोजायचं सोडलं. शेवटचं नाव औरंगाबादकडच्या एका पोराचं होतं. तो मला एकदा भेटला होता आणि त्यानं माझ्याकडून चेंडू बोटांत धरायची पकड शिकून घेतली होती. चांगला पोरगा आहे. त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही.

आप्पांनी मोबाईल बंद केला. काहीतरी समजुतीचं बोलतील असं वाटलं. ते उठले, शटर ओढलं आणि पाट काखेत मारला.

"आज नको, आप्पा."

"चल म्हणतोय न्हवं."

भिंतीशी गेलो. ते बसले, ग्लोव्ह घातला. मी एक चेंडू टाकला. त्यांनी पकडला आणि परत फेकला नाही. हातातच धरून ठेवला.

"मन्मथ, तू मला सांभाळून टाकायलास."

"तसं न्हाई."

"तसंच हाय. मला लागंल म्हणून, का तुला लागंल म्हणून, ते तुझं तुला ठावं. मी किती दिवस झालं बघायलोय. तुझं त्वांड पुढं येतंय आन् हात मागंच राहतोय." मग ते खाली बघत म्हणाले, "माझ्या हातानं व्हायचं ते होऊन गेलं बाबा. आता काय व्हायचं राहिलं न्हाई. टाक."

त्यांनी चेंडू परत दिला. मला रडू यायला लागलं होतं, आणि लीगचा, त्या औरंगाबादच्या पोराचा, स्वतःचा असा सगळा राग एकदमच आला. पाय उचलला. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण फेकताना मी काही विचारच केला नाही. गोदामाच्या भिंतीवरून आवाज घुमून परत आला.

आप्पा पाटावरून मागं कलंडले होते. चेंडू ग्लोव्हमध्ये होता. मी धावत गेलो. त्यांनी ग्लोव्ह काढला. तळवा लालभडक झाला होता आणि करंगळीजवळ फुगायला लागला होता. ते तो तळवा उजेडात धरून उलटसुलट करून बघत राहिले. मी म्हटलं, "लागलं का आप्पा, लई लागलं का?"

त्यांनी ग्लोव्ह बाजूला ठेवला. दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल काढला आणि कादरी सरांना लावला.

"सर, मी मन्मथचा बाप बोलायलोय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा हसून हसून लाल झाला होता. "तुमच्याकडं एखादा कॅचर असंल तर बघा बरं. माझ्यानं आता ह्याचं बॉल झेपत न्हाईत."